शिफारसपत्रं देणाऱ्या सर-मॅडमचे आभार कसे मानायचे? आई म्हणते साडी, बाबा म्हणतात पेढे

विश्रामबागकर:

नमस्कार मंडळी. सांगलीतच सिव्हिलला बी.टेक. केलं, येत्या ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला चालले आहे. विषय जलसंपदा. अ‍ॅडमिशन, व्हिसा, लोन यावर इथं पुष्कळ धागे आहेत, ते वाचून झाले. माझा प्रश्न किरकोळ वाटेल, पण घरात त्यावरून रोज जेवताना वाद चाललाय.

मला एलओआर म्हणजे शिफारसपत्रं तिघांनी दिली. पहिल्या आमच्या प्रोजेक्ट गाइड मॅडम. प्रोजेक्ट कृष्णेच्या पुरावर होता. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणजे गावात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी कुठल्या गल्लीत किती चढलं होतं ते आम्ही भिंतीवरच्या खुणांवरून मोजत होतो. मॅडम स्वतः लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) घेऊन भर उन्हात आमच्याबरोबर मारुती चौकात फिरल्या, दुकानात शिरून "पाणी कुठवर आलतं ओ तुमच्याकडं?" असं विचारत. एका किराणा दुकानदारानं आतल्या भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहून ठेवली होती. मॅडमनी त्यांना बजावलं, रंग काढाल तेव्हा एवढी रेघ तेवढी ठेवा. ते म्हणाले, "बाई, ही रेघ बायकोच पुसू देत नाही."

दुसरे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर. त्यांच्याबद्दल काय लिहू? मुद्दे लिहून दे म्हणाले, दिले. मग आठवण, पुन्हा आठवण, केबिनबाहेर उभं राहणं. १५ डिसेंबरची मुदत होती, तिकडची रात्र म्हणजे आपली १६ ची सकाळ. सरांचं पत्र त्या सकाळी पोर्टलवर चढलं. मी तोपर्यंत जेवले नव्हते. तिसरे, ज्यांच्याकडे इंटर्नशिप केली ते कन्सल्टंट साहेब. त्यांनी गाजावाजा न करता आठवड्याभरात सगळ्या लिंक भरून टाकल्या.

आता आईचं म्हणणं, मॅडमना घरी बोलवून साडी देऊ आणि दोघा सरांना शाल-श्रीफळ. बाबांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ते म्हणतात, पेढ्याचा बॉक्स पाठवा आणि मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही. शाल-श्रीफळ म्हणजे सर रिटायर झाल्यासारखं वाटतं. आणि नुसता मेल टाकावा तर फारच कोरडं.

शिवाय काही ठिकाणांहून नकारही आलेत. तेही सांगायचे का, की फक्त जिथं झालं तेच? आणि एचओडी सरांना नेमकं काय लिहू? मनात राग आहे, खोटं लिहवत नाही.

भडंगबहाद्दर:

सांगलीत राहून काय द्यायचं म्हणून विचारताय? भडंग द्या. तिखटातलं. विषय संपला. बाकी ताई, अभिनंदन!

मिरज_जंक्शन:

अभिनंदन. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तुमच्या नव्हे, पण याच पट्ट्यातल्या. सप्टेंबर उजाडला की माझ्या केबिनच्या दारात एलओआरवाल्यांची रांग लागते. तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो, मग साडीचं तुमचं तुम्हीच ठरवा.

पोरांना वाटतं, सरांनी एक कागद टाइप केला, सही ठोकली, झालं. एक जण पाच-सहा ठिकाणी अर्ज करतो. प्रत्येक विद्यापीठाची लिंक वेगळी येते, त्यातली एखादी हमखास स्पॅममध्ये जाऊन पडते. लिंक उघडली की पत्र जोडायच्या आधी बहुतेक ठिकाणी एक तक्ता असतो. तुम्ही आजवर शिकवलेल्यांत हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत बसतो का, १० टक्क्यांत की २५? विषयाचं ज्ञान, लेखन, चिकाटी, चार लोकांत मिळून काम करणं, एकेका ओळीसमोर टिचकी मारायची. सगळ्या टिचक्या पहिल्या रकान्यात मारल्या तर वाचणारा म्हणतो, या मास्तरानं डोळे मिटून फॉर्म भरलाय. आणि एखादी खाली मारावी तर त्या पोराचं तोंड डोळ्यांसमोर येतं. 'लेखन' या ओळीपाशी माझा चहा कितीदा निवलाय त्याला गणती नाही. आपली पोरं गणितात वाघ असतात, पण रिपोर्टात एक परिच्छेद सरळ लिहिता येत नाही. ते मला माहीत असतं आणि तिथंच विचारलेलं असतं.

मग पत्र. 'हुशार, मेहनती, प्रामाणिक' हे सगळ्यांच्याच पत्रात असतं, त्याला तिकडं काडीची किंमत नाही. एखादा प्रसंग लागतो. तो आठवायला जुने रिपोर्ट काढावे लागतात, वही चाळावी लागते. हे सगळं परीक्षेचे पेपर, एनबीएच्या (कोर्सच्या मान्यतेच्या) फायली आणि प्रॅक्टिकलच्या मधे.

एवढं करून सबमिट दाबलं की आमच्या बाजूला अंधार. त्या पोराचं काय झालं हे विद्यापीठ आम्हाला कधीच कळवत नाही. कळतं ते कसं? जुलैत त्याचा मित्र कॉरिडॉरमध्ये भेटतो आणि म्हणतो, "सर, तो गेला की गेल्या आठवड्यात." मी म्हणतो, "हो का? छान." आणि वर्गात जातो. पेढे न मिळाल्याचं वाईट वाटत नाही हो. पण आपण ज्याच्यासाठी रविवार घातला त्याचं पुढं काय झालं हे तिसऱ्याकडून कळावं, हे लागतं. खोटं कशाला बोलू.

तेव्हा आभाराचा पहिला भाग म्हणजे निकाल सांगणं, आणि नकारांसकट सांगणं. हो, नक्की सांगा. त्यात लाजायचं काही नाही, आणि आम्हाला त्याचा उपयोग असतो. पुढच्या वर्षी तुमच्यासारखीच दुसरी मुलगी त्याच विद्यापीठांची नावं घेऊन येणार. कुठं असिस्टंटशिप (विभागात काम करून मिळणारी आर्थिक मदत) मिळाली, कुठं नुसताच प्रवेश दिला, कुठं सरळ नाही म्हणाले, एवढं कळलं तर तिला मी काही ठोस सांगू शकतो. तुमच्या मॅडमना अशी अर्ध्या पानाची माहिती द्या. दहा शालींपेक्षा ती जास्त दिवस कामाला येईल.

एक पथ्य. पत्रात काय लिहिलं होतं ते विचारू नका, कौतुकानंही नाही. अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे, त्यानं विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघण्याचा हक्क मिळतो. अर्ज भरताना विचारतात, शिफारसपत्रापुरता हा हक्क सोडता का? बहुतेक सगळे 'सोडतो' वर टिचकी मारतात, तुम्हीही मारली असेल. ती नोंद आम्हाला दिसते, म्हणून आम्ही मोकळेपणानं लिहितो. नंतर पेढे पुढं करत "सर, काय लिहिलं होतं हो?" म्हटलं की आमची पंचाईत होते.

साडी मात्र देऊ नका. मॅडमना आवडणार नाही म्हणून नव्हे. पण स्टाफरूममध्ये गोष्ट फुटते, पुढच्या वर्षीच्या मुलीच्या घरीही तोच विचार सुरू होतो, आणि जिची ऐपत नाही ती मॅडमकडं पत्र मागायलाच कचरते. रीत पडायला एक वर्ष पुरतं, मोडायला फार वेळ लागतो. पेढे चालतील, ते सगळ्यांत वाटले जातात.

त्यापेक्षा हातानं एक चिठ्ठी लिहा, मराठीत. इंग्रजी आभाराचे मेल हल्ली सगळ्यांचे एकाच साच्यातले येतात. आधी नेटवरून उचललेले असायचे, आता एआय लिहून देतं. पहिल्या ओळीतच कळतं आणि पुढं वाचवत नाही. त्या किराणा दुकानातल्या रेघेचं लिहा. तुम्ही इथं चार ओळीत लिहिलंत ते मला, मॅडमना न ओळखणाऱ्या माणसाला, आवडलं.

एचओडींचं म्हणाल, तर त्यांच्या बाजूनं बोलायची इच्छा नाही, मुलांना असं लटकवून ठेवणं मला मान्य नाही. मुदतीनंतरही पत्रं चार-दोन दिवस घेतात बरेच विभाग, पण ते पोरांना माहीत नसतं आणि त्यांचा जीव जातो. तरी पत्र गेलं, ते तुमच्या फायलीत लागलं, त्यावर प्रवेश झाला. तेवढंच लिहा. "आपलं पत्र पोहोचलं, माझा प्रवेश झाला, आभारी आहे." यात एकही शब्द खोटा नाही. 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे' वगैरे घालू नका, तुम्हालाही ते पचणार नाही आणि त्यांनाही कळेल. आणि तिघांना एकाच दिवशी कळवा. एकाला आधी, दुसऱ्याला पंधरा दिवसांनी असं झालं की उगाच मानापमान.

कुपवाडचा_फोरमन:

सरांचं बाकी सगळं पटलं, पण देण्याघेण्यावर एवढं तुटून पडू नका राव. कॉलेजात रीत पडते, कबूल. आमच्या एमआयडीसीत पडत नाही.

माझ्या हाताखाली एक ट्रेनी होता, त्यानं जर्मनीसाठी पत्र मागितलं. मला इंग्रजी लिहायची सवय नाही, कामाचे रिपोर्ट तेवढे. मशीनवर त्यानं जॉब पकडायचं एक फिक्श्चर बदलून दाखवलं होतं, त्यानं जॉब बसवायचा वेळ निम्म्यावर आला. तेच लिहिलं, आकड्यांसकट. मग त्या लिंकला माझा जीमेल चालेना, कंपनीचाच मेल पाहिजे. आमच्यात मेल फक्त ऑफिसवाल्यांना. एचआरमागं लागून तो उघडून घेतला, लेटरहेडची परवानगी घेतली. पत्र लिहायला एक रात्र गेली, परवानग्यांना किती गेले विचारू नका.

पोराचं झालं. त्याचे वडील तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. शेडवरचा बेदाणा तयार झाल्यावर एक बॉक्स खांद्यावर घेऊन गेटवर हजर. वॉचमन आत सोडेना, मी बाहेर आलो. ते म्हणाले, "साहेब, विकत आणलेलं नाही, घरचंच हाय." आता हे परत पाठवायचं? कँटीनमध्ये ठेवला, सगळ्या शिफ्टनं खाल्ला.

ताई, तुमच्या बाबांची हळदीची अडत आहे ना? मग शाल कशाला शोधताय. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, जग मागतंय. कन्सल्टंट साहेबांना चांगली राजापुरी हळद दळून द्या अर्धा किलो. ते काही तुमच्या कॉलेजचे नोकर नाहीत.

सातारी_कंदी:

मी साताऱ्याचा, सध्या अमेरिकेत पीएचडीच्या शेवटाला आलोय. दोन गोष्टी इथल्या अनुभवातून.

इथल्या प्राध्यापकांना कोणी भेट वगैरे देत नाही, निकाल कळवणारा मेल किंवा छोटं कार्ड एवढंच. प्रवेशाचा निर्णय बाकी असताना काही दिलं तर उलट ते अवघडतात. तुमचा निकाल आलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण हा धागा पुढच्या वर्षी वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: पत्र अपलोड झाल्यावर लगेच दोन ओळींचा मेल, निकाल लागल्यावर मोठा. आधी भेटवस्तू अजिबात नको.

विश्रामबागकर, तुम्हाला असिस्टंटशिप मिळालेली असेल तर अजून १५ एप्रिलची तारीख असेल. इथल्या बहुतेक मोठ्या ग्रॅज्युएट स्कूलांनी मान्य केलंय की आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर त्या तारखेच्या आधी द्यायला विद्यार्थ्याला भाग पाडायचं नाही. तुम्ही कुठं जाणार ते नक्की झालं नसलं तरी मॅडमना आत्ताच सांगा, "इथं इथं झालंय, ठरवते आहे." त्यांना विचारा तरी, कुठं जाऊ? ज्यांनी पत्र दिलं त्यांचा सल्ला मागणं यासारखा मान दुसरा नाही. बहुतेक जण सगळं ठरल्यावर नुसती बातमी देतात.

आणि लिंक्डइनवर फोटो टाकून तिघांना टॅग करायचा मोह होईल. आधी खासगीत कळवा, मग टाका. माझ्या ओळखीच्या एका सरांना विद्यार्थ्याचा प्रवेश दोनशे लोकांच्या लाइकसकट कळला होता, त्यांना ते फार झोंबलं.

एमएसनंतर पीएचडीला, फेलोशिपला, नोकरीला याच लोकांकडं परत यावं लागतं. वर्षातून एकदा, काही मागायचं नसताना, कसं चाललंय ते लिहा. मी दिवाळीला लिहितो. पहिल्यांदा घरी आलो तेव्हा सरांकडं कंदी पेढे घेऊन गेलो, तर सर म्हणाले, "साताऱ्यात मला साताऱ्याचे पेढे आणतोस? तिकडचं काहीतरी आण की." पुढच्या वेळी त्यांना त्यांच्या विषयातल्या एका परिषदेची छापील पुस्तिका नेऊन दिली. ती अजून त्यांच्या टेबलावर आहे.

विश्रामबागकर:

सगळ्यांचे आभार, खरंच. सगळं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. भडंगाच्या उत्तरावर बाबा सगळ्यात जास्त हसले.

असिस्टंटशिप एकाच ठिकाणी आहे, दुसरीकडं नुसता प्रवेश, पण ते विद्यापीठ नावाजलेलं. सातारी_कंदी, तुमचं वाचून मॅडमना दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी कॉलेजात बोलावलं, दोन्ही विभागांची पानं उघडायला लावली, आणि नदीच्या पुरावर काम करणारे प्राध्यापक कुठं जास्त आहेत ते मलाच मोजायला लावलं. उत्तर त्यांनी दिलंच नाही. मोजून झाल्यावर मला दिसलं. असिस्टंटशिपवाल्या ठिकाणी जाते आहे.

साडी रद्द. म्हणजे, आई पूर्ण माघार घेणाऱ्यातली नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, त्याला मॅडमना बोलावलंय. आंब्याची डाळ, पन्हं, आणि ओटीत खण. आई म्हणते, हळदीकुंकवाला आलेल्या बाईची ओटी भरली तर त्यात तुमच्या जंक्शनवाल्या सरांना बोलायचं कारण नाही.

चिठ्ठी लिहिली. इथं टाकते, काही जास्त-कमी वाटलं तर सांगा:

"आदरणीय मॅडम, सा. न. माझ्या प्रवेशाचं तुम्हाला कळलंच आहे. सोबतच्या पानावर सगळ्या विद्यापीठांचे निकाल लिहिलेत, नकारही, पुढच्या मुलींना उपयोगी पडावेत म्हणून. तुम्ही पत्रात काय लिहिलंत मला माहीत नाही. पण मारुती चौकातल्या त्या दुकानात आमच्या मोजणीत आणि भिंतीवरच्या रेघेत फरक येत होता, तेव्हा मी म्हटलं होतं की त्यांनी रेघ अंदाजानं मारली असेल. तुम्ही म्हणालात, आधी आपली लेव्हल तपासू, माणसाची रेघ नंतर खोटी ठरवू. ट्रायपॉडचा एक पाय सैल निघाला. तिकडच्या मुलाखतीत मला प्रोजेक्टमधली अडचण विचारली, तेव्हा मी हेच सांगितलं. आपली."

कन्सल्टंट साहेबांना भेटून आले, हळद दिली. बाबांनी स्वतः निवडून दळून आणली, म्हणजे शेवटी बाबांचंच खरं झालं, फक्त पेढ्यांऐवजी हळद. साहेब पिशवी उघडून वास घेत म्हणाले, "ही बाजारात मिळत नाही." एचओडी सरांना तीन ओळींचा मेल गेला, मिरज_जंक्शननी सांगितला तसाच. त्यावर उत्तर आलं, "कॉंग्रॅट्स. प्लेसमेंट सेलच्या फॉर्ममध्ये माहिती भर." भरली.

एक राहिलं. परीक्षा विभागात एक क्लार्क काका आहेत. माझ्या गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलं होतं, त्यांनी दुरुस्ती करून घेतली, प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं ट्रान्सक्रिप्ट पाकिटात घालून चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का मारून दिला. एकाही खेपेला उद्या या म्हणाले नाहीत. त्यांचं नाव कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. त्यांना काय करू?

मिरज_जंक्शन:

खणाला माझी हरकत नाही, आईंना सांगा. चिठ्ठी जशी आहे तशी द्या, एक शब्द हलवू नका.

क्लार्क काकांकडं नुसतं जाऊन 'थँक्यू काका' म्हणू नका, ते हात हलवून पुढच्या पोराला बोलावतील. त्यांच्या कामाबद्दल प्राचार्यांच्या नावे एक अर्ज लिहा: काय काम होतं, त्यांनी ते कसं केलं, त्यामुळे तुमची कुठली मुदत सांभाळली गेली. आवक विभागात देऊन पोच घ्या. तक्रारीचे अर्ज तिथं रोज येतात, असा एखादाच येतो, आणि तो त्यांच्या फायलीला लागतो. त्याची झेरॉक्स घेऊन मग त्यांना भेटा. दुपारी तीननंतर जा, तोपर्यंत खिडकीवरची गर्दी ओसरलेली असते. भडंग तेव्हा न्या.